निवृत्तीनंतर घरावर आणि परसावर खर्च: आधी काय, किती, आणि कशाला थांबायचे

प्रश्न थोडक्यात असा: नुकतीच निवृत्ती झाली, घर २५-३० वर्षांचे, मागे बऱ्यापैकी मोठे परस. हातात एकरकमी पैसे आहेत. बाथरूम, स्वयंपाकघर, परसात पेव्हर ब्लॉकची वाट, बसायला मांडव, भाजीचे वाफे आणि हिरवळ हे सगळे पहिल्याच वर्षात एका कंत्राटदाराकडून करून घ्यावे का, की टप्प्याटप्प्याने?

टप्प्याटप्प्याने. गळती, वायरिंग आणि बाथरूम आता करा. परसाला पूर्ण एक वर्ष हात लावू नका. स्वयंपाकघर चालण्याजोगे असेल तर त्याचे काम सर्वांत शेवटी. पण त्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवा: पुढची १०-१५ वर्षे याच घरात राहायचे आहे ना? झोपायची खोली फक्त वरच्या मजल्यावर असेल, खाली बाथरूमला जागाच नसेल किंवा मुलांकडे जायचा विचार मनात घोळत असेल, तर भारी फरशीवर घातलेला पैसा परत मिळत नाही. घर विकताना गिऱ्हाईक कोरड्या भिंती पाहतो, तुमच्या आवडीच्या टाइल्सचे पैसे देत नाही.

आता पैशाचे गणित. जमलेली पुंजी १०० धरा आणि वर्षाला घरखर्चासाठी त्यातले ४ काढायचे ठरले आहे असे समजा. पहिल्याच वर्षी घरावर २० घातले तर उरले ८०, आणि तेच ४ आता पुंजीच्या ५ टक्के झाले. कागदावर फरक एका टक्क्याचा दिसतो, पण पुंजी किती वर्षे पुरेल यावर त्याचा मोठा परिणाम होतो. पैशाचा काही भाग शेअर बाजारात असेल आणि बाजार पडलेला असताना मोठी रक्कम काढली, तर बाजार सावरल्यावर त्या विकलेल्या भागाचा फायदा तुमचा राहत नाही. पहिल्या चार-पाच वर्षांतली अशी उचल सर्वांत महागात पडते. म्हणून मोठे काम दोन आर्थिक वर्षांत विभागा. गुंतवणूक विकून एकाच वर्षात सगळा नफा घेतला तर कर वाढू शकतो, त्यापेक्षा ते बरे. मुदत ठेव मोडून व्याजाला कात्री लावण्याऐवजी कामाची तारीख ठेवीच्या मुदतीला जुळवा. सहा महिन्यांच्या खर्चाची आणि दवाखान्याची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. घराच्या कामात तिला हात लागता कामा नये.

बजेट ठरवण्याआधी एका वहीत घरातली प्रत्येक झिजणारी गोष्ट लिहा. ती केव्हा बसवली, अजून किती वर्षे टिकेल, बदलायला किती लागेल. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग, गीझर, पंप, टाकी, पन्हळी, खिडक्या. समजा वर्षाचा घरखर्च १०० आहे. गच्चीच्या थराला ४० लागतील आणि तो ४ वर्षे टिकेल, म्हणजे वर्षाला १०. रंगाला ३५, ५ वर्षांनी, म्हणजे ७. गीझरला ६, २ वर्षांनी, म्हणजे ३. पंपाला ८, ४ वर्षांनी, म्हणजे २. बेरीज २२. नवे काहीही न करता, घर आहे तसे उभे ठेवायला वर्षाला एवढे बाजूला पडायला हवेत. ही बेरीज न करता मांडव बांधणारे पुष्कळ असतात, आणि तीन वर्षांनी गच्ची गळू लागली की मांडवाचे पैसे आठवतात. नव्या प्रत्येक गोष्टीलाही हाच नियम लावा. आजची किंमत, दर वर्षीची देखभाल, आणि ती देखभाल ७५ व्या वर्षी कोण करणार. तिसऱ्या प्रश्नाला ‘मीच’ असे उत्तर असेल तर ती गोष्ट साधी करा किंवा सोडा.

पहिले काम पाण्याचे. गच्ची, पन्हळी, बाहेरच्या भिंतींच्या भेगा, आणि घराभोवतीचा उतार. घराला लागून असलेली माती पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंटीमीटर तरी खाली उतरली पाहिजे, म्हणजे ५ टक्के. फरसबंदी असेल तर २ टक्के पुरतात. अनेक जुन्या घरांत वर्षानुवर्षे मातीची भर पडून हा उतार उलटा झालेला असतो. मग पाणी जोत्याकडे येते, आतल्या भिंतीला फूटभर उंचीपर्यंत ओल चढते आणि लोक आतून रंगाचे नवे हात देत बसतात. आतून कितीही महागडा लेप लावला तरी बाहेरचे पाणी वळवल्याशिवाय तो फुगणारच. हे काम फावड्याचे आहे आणि यादीत सर्वांत स्वस्त आहे. पन्हळी साफ करायला शिडीवर स्वतः चढू नका. वर्षातून दोनदा माणूस लावा आणि तो खर्च वहीत लिहा.

दुसरे वायरिंग. ३० वर्षांपूर्वीच्या तारा आजच्या एसी, ओव्हन आणि गीझरसाठी टाकलेल्या नव्हत्या. अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलीअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. तो बसवल्यावर सारखा पडू लागला की काही वायरमन तो काढून थेट जोड देतात. बऱ्याचदा कारण इतकेच असते की जुन्या जोडणीत दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात, किंवा गीझरच्या कॉइलमधून थोडी गळती होत असते. एकेक सर्किट सोडवून दोष शोधायला अर्धा दिवस जातो, पण तो घालवाच. तारा बदलतानाच प्लग पॉइंट जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर आणि स्विच ९० ते १२० च्या दरम्यान घ्या, वाकणे टळते. जिन्याला खाली-वर दोन्हीकडून चालणारा स्विच, आणि पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर हालचालीने लागणारे छोटे दिवे. वाढत्या वयात डोळ्यात उजेड कमी शिरतो, त्यामुळे तरुणपणी पुरेसा वाटणारा दिवा साठीनंतर अपुरा पडतो. मात्र उघडा झगझगीत बल्ब लावून ती कसर भरू नका, दिपून पायरी दिसत नाही. झाकलेले दिवे, संख्येने जास्त.

आता बाथरूम. यात सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश.

प्रथम दार. ते बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे, कारण आत माणूस पडला तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगावर अडते. कडी बाहेरून उघडता येईल अशी घ्या. मोकळी रुंदी ८० सेंटीमीटरच्या पुढे असेल तर उद्या व्हीलचेअर लागली तरी भिंत फोडावी लागत नाही. उंबरा काढायचा असतो, पण नुसता काढला की पाणी खोलीत येते. त्यासाठी उतार नीट हवा. अंघोळीच्या भागात १:६० म्हणजे दीड मीटरला अडीच सेंटीमीटर, आणि दाराशी लांबट जाळीची मोरी. जाळीची मोरी उचलून साफ करता येणारी असावी, नाहीतर केस अडकून सहा महिन्यांत पाणी तुंबते.

जुनी फरशी काढल्यावर नळाच्या सर्व लाइनी आधी पक्क्या करा. दाबाची चाचणी घ्या. मग कोपऱ्यांत सिमेंटचा गोलवा, त्यावर वॉटरप्रूफिंगचे किमान दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा, पहिल्याच्या आडव्या दिशेने. भिंतीवर तो थर चहूबाजूंनी ३० सेंटीमीटर आणि शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत चढवा. थर पूर्ण वाळला की मोरीचे तोंड बंद करून ३ ते ५ सेंटीमीटर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि ४८ तास थांबा. खाली खोली असेल तर छताला हात लावून पाहा. इथपर्यंत बरेच जण नीट करतात. बिघडते ते पुढे. चाचणी यशस्वी झाल्यावर प्लंबर येतो, कमोडच्या स्क्रूसाठी किंवा राहून गेलेल्या नळासाठी जमिनीत भोके पाडतो आणि सगळा थर तिथेच फुटतो. म्हणून चाचणीनंतर जमिनीला ड्रिल लावायचे नाही, हे करारातच लिहा. भिंतीवर लटकणारा कमोड घेतला तर जमिनीत भोक पाडायचा प्रश्नच येत नाही. पण त्याची लोखंडी चौकट भक्कम भिंतीत बसते ना, ते आधी बघा.

फरशी चकचकीत नको. दुकानात कोरड्या टाइलवर बोट फिरवून काही कळत नाही. नमुना घरी आणा, त्यावर साबणाचे पाणी ओता आणि आधार धरून अनवाणी पाय ठेवून पाहा. लहान तुकड्यांच्या फरशीत सांधे जास्त असतात, त्यामुळे पकड चांगली मिळते. सांधे मात्र इपॉक्सी ग्राउटने भरा, नाहीतर ते काळे पडतात. आणि जमिनीचा रंग भिंतीपेक्षा व कमोडपेक्षा वेगळा ठेवा. सगळे पांढरे असले की नजर कमी झालेल्या माणसाला कडा कळत नाही.

पकडीचे दांडे ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचे, भिंतीपासून ३८ मिलिमीटर अंतरावर. अंतर जास्त ठेवले तर तोल जाताना कोपरापर्यंत हात आत अडकतो. पुस्तकी उंची ८५ ते ९० सेंटीमीटर आहे, पण मी ती डोळे मिटून घेणार नाही: ज्याला वापरायचे आहे त्याला कमोडवर बसवा, उठायला सांगा, हात नैसर्गिकपणे जिथे जातो तिथे खूण करा. दांड्याने ११०-११५ किलोचा झटका सोसला पाहिजे. म्हणून बोल्ट विटेत किंवा काँक्रीटमध्ये ६ सेंटीमीटर तरी गेला पाहिजे; टाइल आणि गिलावा मिळूनच अडीच-तीन सेंटीमीटर होतात, ते यात मोजायचे नाहीत. हलक्या फोम ब्लॉकच्या किंवा पोकळ विटेच्या भिंतीत साधा प्लास्टिकचा गुल्ला सुटतो, तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का होणारा बोल्ट) वापरा. जिप्समच्या भिंतीत टाइल लावण्याआधीच मागे १८ मिलिमीटर मरीन प्लाय घालून ठेवा. आज दांडा लावायचा नसला तरी प्लाय घालाच. चोषकाने चिकटणारे दांडे आधारासाठी वापरू नयेत. ते नेमके ओल्या भिंतीवर सुटतात. टॉवेलच्या दांडीचेही तेच. माणूस पडताना जे हाताला लागेल ते धरतो, त्यामुळे कमोडजवळची टॉवेलची दांडी काढून तिथे खरा दांडाच लावा.

कमोडची बैठक ४३ ते ४८ सेंटीमीटर. गीझरच्या टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवावे, कारण कोमट साठ्यात फुफ्फुसाचा आजार करणारा लिजिओनेला जिवाणू वाढतो. पण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते, म्हणून शॉवरला ३८-४० अंशांवर अडणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर. घरात एकच बाथरूम असेल तर काम सुरू करण्यापूर्वी दुसरी सोय करा. वाळण्याचे आणि चाचणीचे दिवस धरता तीन-चार आठवडे जातात, आणि घाई झाली की सर्वांत आधी वॉटरप्रूफिंगचे वाळणे कापले जाते.

पायऱ्यांबद्दल थोडेच. सर्व पायऱ्यांची उंची सारखी हवी. एखादी पायरी सेंटीमीटरभर कमी-जास्त असली तरी पाय चुकतो. कठडा दोन्ही बाजूंना, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे ३० सेंटीमीटर गेलेला. दाराशी रॅम्प करायचा तर १:१२. जोते ४५ सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्पची लांबी ५.४ मीटर, शिवाय वर-खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा. ‘जागा नाही’ म्हणून दोन मीटरमध्ये बसवलेल्या रॅम्पवरून व्हीलचेअर ढकलता येत नाही, आणि ओला असताना चालताही येत नाही. एवढी जागा नसेल तर रॅम्पचा नाद सोडून उथळ, रुंद पायऱ्या आणि भक्कम कठडा करा.

परसाला वर्षभर थांबा म्हटले, त्याचे कारण ऊन आणि पाणी. मांडव कुठे हवा हे दुपारची सावली पाहून कळते, आणि ती ऋतूप्रमाणे सरकते. मोठ्या पावसात पाणी कुठे साचते याचे फोटो काढून ठेवा. कंत्राटदाराच्या कोणत्याही नकाशापेक्षा ते उपयोगी पडतील.

मग पहिला खर्च वाटेचा. रुंदी किमान ९० सेंटीमीटर, बरोबर कोणी हात धरून चालणार असेल तर १२० हून अधिक. सुटी खडी नको, काठी आणि वॉकर दोन्ही रुततात. १० मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद पेव्हर वाटेचा हिशेब असा: २० बाय १० सेंटीमीटरचे ब्लॉक चौरस मीटरला ५०, म्हणजे १२ चौरस मीटरला ६००, तुटफूट धरून ६३०. खाली दाबलेल्या खडीचा १० सेंटीमीटर थर, म्हणजे १.२ घनमीटर, सुटी मागवताना दीड घनमीटर मागवा, कारण ती दाबली की बसते. वर ३ सेंटीमीटर वाळू, ०.३६ घनमीटर. ६ सेंटीमीटर जाडीच्या ब्लॉकला खोदाई १९ सेंटीमीटर. आडवा उतार २ टक्के, म्हणजे १.२ मीटरला सुमारे अडीच सेंटीमीटर, घरापासून दूर. काळी चिकट माती असेल तर खडीचा थर १५ सेंटीमीटर करा आणि खाली जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरा, नाहीतर ओल्या मातीत खडी उतरते. अशा वाटा दोन कारणांनी बिघडतात. खडी एकाच थरात ओतून वरवर दाबलेली असते (पाच-पाच सेंटीमीटरचे थर, प्रत्येक थर ओला करून यंत्राने दाबायचा), किंवा कडेला काँक्रीटचा आधार नसतो आणि ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात. खचलेला एक ब्लॉक म्हणजे ठेच. काम सुरू असताना खोदाईत मोजपट्टी घालून पाहा. वरून ब्लॉक बसले की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

उंच वाफे गुडघ्यांसाठी छानच. उंची ६० ते ७५ सेंटीमीटर, दोन्हीकडून हात पोहोचत असेल तर रुंदी १२०, एकाच बाजूने असेल तर ६०. पण मातीचा अंदाज चुकतो. २.४ बाय १.२ मीटरचा, ६० सेंटीमीटर खोल वाफा १.७ घनमीटर माती खातो आणि ओला झाला की दोन टनांच्या पुढे जातो. गच्चीवर असा वाफा कदापि नको: तिथे चौरस मीटरला ८०० किलोच्या आसपास भार येईल, आणि घराचा स्लॅब साधारण २०० किलोच्या आसपासच्या जादा भारासाठी केलेला असतो. जमिनीवर खालच्या अर्ध्या भागात फांद्या आणि वाळका पालापाचोळा भरला तर माती वाचते, फक्त दर वर्षी काही सेंटीमीटर खचते तेवढी भर घाला. वाफा घराच्या भिंतीला टेकवू नका. निदान ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा, नाहीतर आधी उतार करून वळवलेले पाणी तुम्हीच पुन्हा भिंतीला आणून लावता.

पाण्याला ठिबक. एका वाफ्यात दोन नळ्या, दर ३० सेंटीमीटरला ताशी २ लिटरचा ड्रीपर, म्हणजे १६ ड्रीपर आणि ताशी ३२ लिटर. चार वाफ्यांना १२८. १२० मेशची (इंचाला १२० छिद्रांची) गाळणी आणि दाब एक बारच्या आसपास. गाळणी न लावता वाचवलेले पैसे एका हंगामात चोंदलेल्या नळ्यांत जातात. महिन्यातून एकदा नळीच्या टोकाची टोपी काढून पाणी सोडा.

हिरवळीबद्दल माझे मत सरळ आहे: ५० चौरस मीटरच्या हिरवळीला कोरड्या दिवसांत आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी धरले तरी १,२५० लिटर लागते, शिवाय कापणी, तण आणि खत. बसण्यापुरता तुकडा ठेवा, बाकी जागेत झुडपे लावून खाली ५ ते ८ सेंटीमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन घाला. ते झाडाच्या बुंध्याला चिकटवू नका, खोड कुजते.

मांडव करायचाच तर गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा, आणि खांब काँक्रीटमध्ये पुरलेले नकोत. काँक्रीट आणि खांब जिथे भेटतात तिथे पाणी थांबून गंज लागतो. पायाच्या वर बेसप्लेट (खांबाखालची लोखंडी पाटी), जमिनीपासून थोडी उचललेली. घराच्या भिंतीला तुळई बोल्टने जोडण्यापेक्षा चारही खांबांवर स्वतंत्र उभा करा. भिंतीतल्या त्या बोल्टमधूनच गळती सुरू होते. लाकूड सुंदर दिसते, पण दर एक-दोन वर्षांनी तेल मागते. ते तेल कोण लावणार, हा वहीतला तिसरा प्रश्न इथे विचारा.

कंत्राटदाराशी व्यवहार. अंदाजपत्रकावर जुन्या घरात १५-२० टक्के राखीव धरा, कारण फरशी उचलल्याशिवाय खालची पाइप किती सडली आहे ते कळत नाही. ‘वॉटरप्रूफिंग करून देणे’ एवढे लिहिलेले दरपत्रक परत करा. कोणते उत्पादन, किती हात, भिंतीवर किती उंचीपर्यंत, चाचणी किती तास, हे सगळे लिहिलेले हवे. सुरुवातीला १० टक्क्यांहून जास्त देऊ नका. साहित्याचे पैसे हवे असतील तर ते थेट दुकानात द्या आणि बिल आपल्या नावावर घ्या. पुढचे हप्ते तारखेवर नव्हे, कामावर: तोडफोड आणि लाइनी, पाण्याची चाचणी यशस्वी, फरशी, फिटिंग. वाढीव काम लेखी दर ठरल्याशिवाय सुरू करू देऊ नका, कारण ‘होऊन जाईल, नंतर बघू’ इथूनच बजेट फाटते. शेवटचे ५ ते १० टक्के गच्ची, भिंत आणि परसाच्या कामांत पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवा, आणि ही अट करारात आधीच घाला. काम संपल्यावर घातली तर भांडण होते.

फरशी झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी टेकवून फोटो घ्या, म्हणजे पुढे दांडा किंवा कपाट लावताना ड्रिल पाइपमध्ये जाणार नाही. परसातल्या केबल आणि पाण्याच्या लाइनींचेही तेच: चर उघडा असताना कुंपणापासूनचे अंतर मोजून कागदावर उतरवा. प्रत्येक प्रकारच्या पाच-सहा टाइल्स आणि वीसेक पेव्हर जास्तीचे ठेवा, कारण पाच वर्षांनी तोच रंग आणि तीच जाडी बाजारात मिळेलच असे नाही. फोटो, बिले, वॉरंटीचे कागद आणि कामगारांचे नंबर त्या वहीसोबत एका पाकिटात घाला, आणि ते कुठे ठेवले आहे हे घरातल्या दुसऱ्या कोणालातरी दाखवून ठेवा.